गोचीड-ताप, संकरित गाय आणि परजीवीचे विकर : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात भीमा व नीरा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेले बारामती आणि इंदापूर हे तालुके राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांना पुणे-सुपे-इंदापूरच्या जहागिरीमुळे परिचित आहेत. मराठ्यांच्या घोडदळाच्या संदर्भात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेखही वारंवार येतो. परंतु ज्या प्राण्याच्या आधारावर या प्रदेशाचा शेतकरी प्रत्यक्षात जगत आला त्या गाय-बैलाचा, आणि विशेषतः त्याच्या रोगांचा इतिहास क्वचितच स्वतंत्रपणे मांडला जातो. राजवटी व युद्धे यांची नोंद बखरींतून व दप्तरांतून राहते; गोठ्यातील मृत्यूची नोंद बहुधा घरातील माणसांच्या आठवणीपलीकडे जात नाही.

या भागातील दुग्धव्यवसायात ज्या रोगाचे नाव प्रत्येक गोठ्यात ठाऊक आहे, तो थायलेरिओसिस, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलीतील गोचीड-ताप होय. थायलेरिया अ‍ॅन्युलाटा या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो व हायालोमा जातीच्या गोचिडी तो पसरवितात. माणसाला हा रोग होत नाही. गेल्या काही दशकांत जीवरसायनशास्त्रज्ञांनी या परजीवीच्या जगण्याचे रहस्य त्याच्या एका विकरापर्यंत, म्हणजे व्यवहारात ज्याला एन्झाइम म्हणतात त्या द्रव्यापर्यंत, नेऊन पोहोचविले आहे. तथापि केवळ विकराच्या शोधाने हा रोग पूर्णपणे समजत नाही. तेच विकर बाळगणारा तोच परजीवी एका काळच्या गोठ्यात फारसा जाणवत नाही आणि दुसऱ्या काळच्या गोठ्यात घातक ठरतो, याचे उत्तर प्रयोगशाळेत नसून इतिहासात आहे. या दोन उत्तरांची सांगड घालणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. कालवा, ऊस आणि गोठा

बारामती व इंदापूर यांचा बराच भाग पर्जन्यछायेत मोडतो. येथील सरासरी पर्जन्यमान ५०० मिलिमीटरच्या आसपास असून तेही बेभरवशाचे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची जी वाताहत झाली, तिच्यातून पाटबंधाऱ्यांच्या कामांना गती मिळाली. नीरा डावा कालवा हे त्यांपैकी एक प्रमुख काम. वेळवंडी नदीवर भाटघर येथे बांधलेल्या धरणाचे पाणी नीरेत सोडून ते वीर येथून कालव्यात घेण्याची ही योजना १८८५ च्या सुमारास कार्यान्वित झाली आणि पुरंदर, बारामती व इंदापूर या भागांतून कालव्याचे पाणी वाहू लागले.

या पाण्याचे पहिले फळ म्हणजे ऊस. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंदनगरची उभारणी झाली. स्वातंत्र्यानंतर भवानीनगर, माळेगाव आणि सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस हे माणसाचे नगदी पीक खरे, परंतु त्याच्या तोडणीच्या हंगामात शेंड्याकडील हिरवे वाढे गुरांच्या गव्हाणीत पडते, ही गोष्ट दुग्धव्यवसायाच्या इतिहासात कारखान्याच्या धुराड्याइतकीच महत्त्वाची आहे. कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर दिवस काढणाऱ्या जनावराला वाढे, कडवळ व लसूण घास असा हिरवा चारा मिळू लागला. परिणामी जनावर चरावयास न पाठवता दावणीला बांधून पोसणे शक्य झाले. कालव्यापासून दूर असलेल्या जिरायत गावांत ही सोय उशिरा व अपुरी आली. तेथे मात्र दूध हेच अवर्षणातील रोख उत्पन्न ठरले आणि विकतचा चारा घालूनही गाय ठेवण्याची रीत पडली.

अशा रीतीने जनावराचे स्थान बदलले. पूर्वीची गाय ही प्रामुख्याने बैलाची माता होती. तिचे दूध हे दुय्यम. नांगर, मोट आणि गाडी यांना लागणारा खिलार बैल हा या प्रदेशाचा व शेजारच्या माणदेशाचा मुख्य पशू. मोटेची जागा यंत्राने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने घेतली, आणि बैलाची माता असलेली गाय दुधाच्या हिशेबात तोट्याची ठरू लागली.

३. संकराचे धोरण

विलायती वळूंपासून संकर करण्याचे प्रयोग भारतात ब्रिटिश लष्कराच्या दुग्धशाळांत सुरू झाले. अशी पहिली दुग्धशाळा १८८९ मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झाली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी पुणे येथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. पुढे १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि कालांतराने भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. पशुरोगांच्या संघटित संशोधनाचा उगम ज्या शहरात झाला, त्याच शहराच्या जिल्ह्यात पुढे संकरित गाईचा प्रश्न तीव्रतेने उभा राहावा, यात केवळ योगायोग असला तरी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

लष्करी आवारातील संकर शेतकऱ्याच्या दारी आणण्याचे कार्य स्वातंत्र्योत्तर काळात झाले. १९४६ मध्ये महात्मा गांधींसमवेत उरुळीकांचन येथे आलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच बाएफ, ही संस्था स्थापन केली. होल्स्टीन फ्रीजियन व जर्सी या जातींच्या वळूंचे गोठविलेले वीर्य द्रव नायट्रोजनच्या पात्रात भरून गावोगाव नेणे आणि गाईचे कृत्रिम रेतन तिच्या मालकाच्या दारातच करणे, ही पद्धती या संस्थेने रूढ केली. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने संकलन व बाजार यांची जोड दिली आणि १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने संकरीकरणास धोरणात्मक मान्यता दिली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गीर, होल्स्टीन व जर्सी यांच्या त्रिवेणी संकरातून ‘फुले त्रिवेणी’ निर्माण झाली. बारामतीत आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले, आणि १९९२ मध्ये तेथे कृषी विज्ञान केंद्र आले.

या धोरणाचे आर्थिक यश निर्विवाद आहे. दर दहा दिवसांनी हाती येणाऱ्या दुधाच्या पगाराने अनेक अल्पभूधारक कुटुंबांचा संसार, मुलांचे शिक्षण आणि सोसायटीचे हप्ते चालले. परंतु या गाईने बापाकडून दुधाचा गुण आणला, तसाच एक अवगुणही आणला. ज्या उत्तर युरोपात तिचा पितृवंश घडला, तेथे हायालोमा गोचीड आणि थायलेरिया अ‍ॅन्युलाटा यांचे वास्तव्य नव्हते. शतकानुशतकांच्या सहवासातून वशिंडाच्या देशी गुरांना या रोगाविषयी जी सहनशीलता लाभली होती, ती विलायती रक्तात येण्याचे कारणच नव्हते. साहिवाल व होल्स्टीन या जातींच्या जनावरांना सारखाच संसर्ग देऊन केलेल्या तुलनेतही साहिवालमध्ये रोग सौम्य राहतो असे दिसून आले आहे.

४. परजीवीचा परिचय

या परजीवीचे वर्णन प्रथम १९०४ मध्ये झुंकोवस्की आणि लुस यांनी कॉकेशसच्या पलीकडील प्रदेशातील गुरांवरून केले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्य आर्नल्ड थायलर यांच्या नावावरून या प्रजातीस थायलेरिया हे नाव मिळाले. अल्जीरियात सर्जंट बंधूंनी या रोगाचा दीर्घ अभ्यास केला. उत्तर आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम व मध्य आशिया आणि भारत असा त्याचा विस्तार आहे.

त्याचे जीवनचक्र गोठ्याच्या भिंतीतून जाते असे म्हटल्यास वावगे होणार नाही. लहान वयाची गोचीड बाधित जनावराचे रक्त पिते, गळून पडते, आणि दगडमातीच्या भिंतीच्या फटीत किंवा गव्हाणीच्या खाचेत दडून कात टाकते. वाढ झालेली गोचीड बाहेर येऊन दुसऱ्या जनावरास चिकटली की दोन-तीन दिवसांत तिच्या लालाग्रंथीत परजीवीची स्पोरोझोइट ही अवस्था परिपक्व होऊन जनावराच्या शरीरात उतरते. म्हणून हा रोग मुख्यतः उन्हाळ्यात व पावसाळ्यात आढळतो. माळावर चरणाऱ्या जनावरापेक्षा बारा महिने एकाच दावणीस बांधलेल्या जनावराभोवती अशा गोचिडींना आसरा व आहार ही दोन्ही अधिक निश्चितपणे मिळतात. गोठा पक्का झाला, परंतु त्याच्या भिंतींतील फटी तशाच राहिल्या.

शरीरात शिरलेला स्पोरोझोइट श्वेतपेशींत, विशेषतः भक्षकपेशी आणि बी-लसिकापेशी यांच्यात प्रवेश करतो. येथेच विकरांचे कार्य सुरू होते. थायलेरिया पार्व्हा या आफ्रिकेतील भगिनी-जातीवर केलेल्या प्रयोगांत प्रथिनभंजक विकरांचा अवरोध केला असता स्पोरोझोइटांचा पेशीप्रवेश रोखला जातो असे आढळले. पेशीत शिरल्यानंतर परजीवी आपल्याभोवतीचे पेशीपटल काही मिनिटांतच टाकून देतो आणि पेशीद्रवात मोकळा राहतो. त्याची शायझाँट ही अनेककेंद्रकी अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली निळसर पिंडासारखी दिसते. रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून तिला कॉखचे निळे पिंड म्हणतात. रोगनिदानासाठी लसिकाग्रंथीतून सुईने काढलेल्या द्रवात आजही यांचाच शोध घेतला जातो.

५. विकराची कामगिरी

शायझाँटने बाधलेली पेशी एका विलक्षण अवस्थेस पोहोचते. ती मरत नाही. उलट अमर्याद विभागू लागते. विभाजनाच्या वेळी परजीवी पेशीच्या विभाजन-तर्कूला चिकटून राहतो आणि दोन्ही कन्यापेशींत वाटला जातो. त्यासाठी तो गाईच्याच पेशीतील पोलो-सदृश कायनेज या विकराला आपल्या पृष्ठभागावर ओढून घेतो, हे २०१० मध्ये दाखविण्यात आले. अशा रीतीने परजीवीला एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत शिरण्याची जोखीम घ्यावी लागत नाही. यजमान पेशीची वाढ हीच त्याची वाढ होते. बाधित जनावराच्या लसिकाग्रंथी सुजतात, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जातो, दूध आटते, गाभण गाय गाभडते आणि पुढे रक्तपेशींचा नाश होऊन पंडुरोग व कावीळ दिसू लागते. पेशीच्या दृष्टीने पाहता हा ज्वर रक्ताच्या कर्करोगाशी साम्य दाखवितो. एका बाबतीत मात्र दोहोंत मूलभूत भेद आहे: परजीवीला औषधाने मारले की पेशीचे हे उन्मत्त वर्तनही थांबते. याचा अर्थ असा की, पेशीच्या मूळ जनुकांत कायमचा बिघाड झालेला नसून परजीवी तिला प्रतिक्षणी बाहेरून चालवीत असला पाहिजे.

तो हे कशाच्या साह्याने करतो, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर २०१५ मध्ये पॅरिस येथील मार्सोलिए, वाइट्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मानवी पेशींत १९९६ मध्ये सापडलेले ‘पिन-१’ नावाचे एक विकर आहे. प्रथिनाच्या साखळीत विशिष्ट ठिकाणी प्रोलीन हे अमिनो आम्ल आले असता तेथील वळण एका बाजूचे दुसऱ्या बाजूस फिरविणे हे त्याचे कार्य. आणि वळण बदलले की प्रथिनाचे वर्तनही बदलते. मानवी कर्करोगांत या विकराचे प्रमाण वाढलेले आढळते. थायलेरियाच्या जनुकसंचात, जो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, याच विकराचा एक भाऊबंद असून परजीवी ते आपल्या शरीराबाहेर यजमान पेशीत सोडतो असे दिसून आले.

निरोगी पेशीत ‘सी-जून’ हे वाढीस चालना देणारे प्रथिन गरजेपुरतेच टिकते. ‘एफबीडब्ल्यू-७’ हे प्रथिन त्याच्यावर नाशाची खूण करून त्याची विल्हेवाट लावविते. परजीवीचे पिन-१ या एफबीडब्ल्यू-७ वरच आघात करून त्याचा ऱ्हास घडवून आणते. पहारेकरी नाहीसा झाल्यामुळे सी-जून साचत जाते आणि पेशीला वाढीची आज्ञा अखंड मिळत राहते. परजीवी पेशीशी झगडत नाही. तिच्या कारभारातील एका अधिकाऱ्यास दूर करून संपूर्ण कारभार आपल्या सोयीचा करून घेतो.

यानंतर दुसऱ्या एका विकराची भूमिका येते, आणि ते विकर परजीवीचे नसून गाईचे स्वतःचे आहे. बाधित पेशी ‘एमएमपी-९’ नावाचे ऊतकभंजक विकर मोठ्या प्रमाणात निर्माण करतात. ऊतकांतील तंतूंचे जाळे त्यामुळे तुटते व या पेशींना एका अवयवातून दुसऱ्या अवयवात शिरणे सुलभ होते. या विकराच्या जनुकाला जागविणाऱ्या घटकांतही सी-जूनचा अंतर्भाव होतो. परजीवीचे विकर पेशीला जगविते आणि गाईचे विकर त्या पेशीला पसरविते. रोगाची तीव्रता ही या दोहोंची संयुक्त निष्पत्ती होय.

६. लस आणि औषध : एकाच सत्याच्या दोन बाजू

विकरांचे हे महत्त्व लसीच्या इतिहासातून अनपेक्षितपणे सिद्ध झाले. १९४५ मध्ये त्सूर यांनी शायझाँटबाधित पेशी शरीराबाहेर वाढविण्यात यश मिळविले. या पेशी दीर्घकाळ पुनःपुन्हा संवर्धित केल्या असता त्या जनावराला रोग देण्याची शक्ती गमावतात, परंतु प्रतिकारशक्ती मात्र निर्माण करतात, असा अनुभव आला. इझ्राएल, इराण, तुर्कस्थान व सोव्हिएत मध्य आशिया येथे या तत्त्वावर लसी तयार झाल्या. भारतात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयत्नांतून ‘रक्षाव्हॅक-टी’ ही लस सिद्ध झाली व हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने तिचे उत्पादन केले. सौम्य झालेल्या पेशींत नेमके काय कमी झाले, याचा शोध १९९० नंतरच्या दशकात घेण्यात आला, तेव्हा त्यांच्या ऊतकभंजक विकरांची क्रिया मंदावलेली आढळली. पशुवैद्यांनी अनुभवाने साधलेल्या गोष्टीचे कारण असे पुष्कळ वर्षांनी उलगडले.

औषधाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १९८० नंतरच्या दशकात वेलकम संशोधनशाळेत बुपार्व्हाक्वोन हे औषध तयार झाले आणि तोवर जवळजवळ असाध्य वाटणारा हा रोग वेळीच उपचार केल्यास बरा होऊ लागला. शरीराच्या दर किलो वजनास २.५ मिलिग्रॅम या प्रमाणात स्नायूत दिले जाणारे हे इंजेक्शन आज गोचीड-तापावरील मुख्य आधार आहे. परजीवीच्या श्वसनशृंखलेतील सायटोक्रोम-बी या प्रथिनावर ते आघात करते असे दीर्घकाळ मानले गेले, आणि औषधास दाद न देणाऱ्या परजीवींत त्या प्रथिनाचे जनुक बदललेले आढळल्याने त्या मतास पुष्टी मिळाली. २०१५ च्या संशोधनाने त्यात नवी भर घातली : हे औषध परजीवीच्या पिन-१ विकरालाही निष्प्रभ करते, आणि ट्युनिसियातील एका प्रतिकारक परजीवीत या विकराच्या ५३ व्या स्थानावरील अ‍ॅलनीनच्या जागी प्रोलीन आलेले आहे. थायलेरियात जनुके काढण्या-घालण्याचे तंत्र सुलभ नसल्यामुळे या विकराविषयीचा पुरावा बव्हंशी अवरोधक द्रव्यांच्या प्रयोगांवर उभा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. दोन्ही लक्ष्यांपैकी कोणाचा वाटा किती, हा वाद त्यामुळे मिटलेला नाही. परंतु दोहोंचा व्यावहारिक निष्कर्ष एकच आहे : ज्या औषधावर सारी भिस्त आहे, त्याला हरविण्यास परजीवीला एखाद्या अमिनो आम्लाचा फेरबदल पुरेसा होऊ शकतो.

बारामती-इंदापूरच्या गोठ्याच्या दृष्टीने या निष्कर्षाचे गांभीर्य उघड आहे. महाग औषध अर्ध्या मात्रेने देणे, निदानावाचून प्रत्येक तापावर ते टोचणे किंवा उशिरा देऊन सोडून देणे या गोष्टी परवडत नसल्याच्या अडचणीतून घडतात. आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेला परजीवी हाच प्रतिकाराचा संभाव्य जनक असतो. कर्जाऊ घेतलेली एक गाय दगावणे हा लहान शेतकऱ्याचा केवळ एका जनावराचा तोटा नसतो. दुधाचा पगार थांबतो व हप्ता चालू राहतो.

७. उपसंहार

सारांश, थायलेरियाच्या विकराने गोचीड-ताप का घडतो हे सांगितले. तो येथे आणि याच काळात एवढा घातक का ठरला, हे कालवा, ऊस, बांधीव गोठा व संकराचे धोरण यांच्या इतिहासाने सांगितले. विकर जुने आहे; नवी आहे ती त्याला मिळालेली यजमान पेशी. ज्या धोरणाने ही गाय शेतकऱ्याच्या दारी आणली, ते चुकीचे होते असा याचा अर्थ नव्हे. अवर्षणग्रस्त टापूला त्याने दिलेले स्थैर्य नाकारता येण्याजोगे नाही. परंतु दुधाचा गुण आयात करताना त्यासोबत रोगाची जबाबदारीही आयात होते, याची तरतूद संकराच्या आरंभीच व्हावयास हवी होती.

ती तरतूद अजूनही असाध्य नाही. गोचीड-तापाची लस द्रव नायट्रोजनमध्येच जपावी लागते, म्हणून ती खेड्यात पोहोचविणे अवघड, असे सांगण्यात येते. वस्तुतः ज्या पात्रातून विलायती वळूचे वीर्य गेली अर्धशतकाहून अधिक काळ वाड्यावस्त्यांवर पोहोचत आले, ते पात्रही द्रव नायट्रोजनचेच आहे. ज्या वाटेने ही गाय आली, त्याच वाटेने तिचे संरक्षणही येऊ शकते. भिंतीच्या फटी बुजविणे, वासरांना वेळेवर लस टोचणे, आणि निदान करून पूर्ण मात्रेतच औषध देणे, या तीन साध्या गोष्टींनी परजीवीच्या विकराला काम करण्याची संधीच कमी मिळते. विकराचा संपूर्ण उलगडा होण्याची वाट पाहण्याचे त्यासाठी कारण नाही.